कोलोनच्या वासाचा उपदेश

कुंपणापलीकडे बोरी राहायची, तेव्हा माझ्या कोंबड्यांना हिब्रू यायचं. हसू नका. बाई कपडे वाळत घालताना क्रियापदं मोठ्यानं घोकायची आणि माझी पिवळी कुंपणाशी मान वाकडी करून तासन् तास ऐकत राहायची.

"बोरी, ही अंडी द्यायची थांबलीये. काय शिकवतेस काय तिला?"

"उत्पत्तीचा पहिला अध्याय. तुझ्या डोक्यात नाही शिरायचा, येनो. तू आपली पालिंकाची दारू गाळ."

बोरी म्हणजे बोर्बाला. शाळेच्या खानावळीत स्वयंपाकीण, नवरा गेलेला, वय सेहेचाळीस. पोरवयात तिला बायबल शिकायचं होतं. त्या कम्युनिस्ट काळात असलं काही मोठ्यानं बोललं की बापाला कारखान्याच्या ऑफिसात बोलावणं यायचं. बाप म्हणाला, "आधी कांदा चिरायला शिक." ती शिकली आणि चिरतच राहिली. मग राजवट बदलली, पुतळे उतरले, आणि एका सकाळी ही बया देब्रेत्सेन शहरातल्या ख्रिस्ती विद्यापीठात अर्ज देऊन आली. विद्यापीठाचं नाव नाही सांगत. तिथले प्राध्यापक अजून माझ्याकडून जर्दाळू नेतात.

"या वयात लोक चष्मा बदलतात," मी म्हणालो, "तू धंदा बदलतेस?"

"चष्मापण बदललाय," ती म्हणाली.

विशी-बाविशीतल्या पोरांमध्ये ती बसायची. पोरं चुकून तिला आई म्हणायची, तुटलेली बटणं घेऊन यायची, आणि ती बटण लावता लावता त्यांच्याकडून इस्राएलाच्या राजांची नावं पाठ म्हणवून घ्यायची. चुलीवरच्या भिंतीला तिनं हिब्रू अक्षरं चिकटवली होती. ती वाचण्याच्या नादात त्या वर्षी तिचा सगळा आलुबुखारचा मुरंबा करपला. आम्ही शेजारधर्म म्हणून तो खाल्ला. अजून जिभेवर आहे.

परीक्षेत बाई पहिली. अडायचं एकाच ठिकाणी. सरावाच्या उपदेशाला उभी राहिली की खाली बघून पुटपुटायची. शेवटी प्राध्यापक म्हणाले, "बोर्बालाबाई, उपदेश माणसांना करायचाय, बुटांना नाही."

आणि ईस्टर जवळ आला. आमच्याकडे सणाला विद्यापीठाची मुलं गावोगाव उपदेशाला जातात. लेगातुश म्हणतात त्यांना. कागद हातात न घेता बोलायचं, आणि मग गाव खाऊ घालील तेवढं मुकाट्यानं खायचं. खानावळीच्या मुख्य बाईनं बोरीची जागा ईस्टरपर्यंत राखून ठेवली होती.

"तिथे तोंड उघडलं नाही ना, येनो," ती कुंपणापाशी येऊन म्हणाली, "तर मंगळवारी मी परत पातेल्यापाशी. ठरलंय माझं."

मी चेष्टा न करता जाऊन गाडीत पेट्रोल भरून आणलं. माझ्या बायकोला विचारा, असं फार वेळा झालेलं नाही.

वरच्या वर्गातल्या आबेलनं तिला एक उपदेश दिला. ही पण रीतच. चांगला उपदेश मुलांमध्ये मोठ्या भावाच्या कोटासारखा फिरतो. विषय होता अम्माऊसच्या वाटेवरचे दोन शिष्य: येशू त्यांच्याबरोबर चालतो तरी त्यांना ओळखू येत नाही, आणि भाकर मोडतो तेव्हा ओळख पटते. मधे खिडकीतल्या दिव्याचा एक फार सुंदर तुकडा होता. बोरीनं तो इतका घोकला की माझी बायकोही झोपेत दिव्याबद्दल बोलायला लागली.

ईस्टरच्या सोमवारी भल्या सकाळी मी तिला माझ्या जुन्या वार्टबुर्ग गाडीतून टिसा नदीकाठच्या एका गावी नेलं. चर्चचा कारभारी मोझेश आजोबा फाटकात उभा होता. त्यानं माझाच हात धरला.

"या, या, लेगातुश साहेब! जरा उशिराच शिकायला लागलात वाटतं?"

"मी ड्रायव्हर. लेगातुश ती."

आजोबानं बोरीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाई आहे की ही!"

"कालपासून नाही, जन्मापासून," बोरी म्हणाली.

आता त्या सोमवारी आमच्याकडे पुरुषांनी घरोघर जाऊन बायकांवर कोलोन शिंपडायचं असतं. लेगातुशही इतर पुरुषांबरोबर शिंपडत फिरतो. पण लेगातुशच बाई निघाल्यावर काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून गावानं आपलं नेहमीचं केलं. चर्चपर्यंतच्या वाटेवर प्रत्येक बाप्या बाटली घेऊन आडवा आला. माझ्याही खिशात एक होती, खोटं कशाला बोलू. बोरी काळा झगा घालून व्यासपीठावर चढली तेव्हा पहिल्या बाकावर चार जण शिंकले.

तिनं सुरुवात केली. बरी केली की! वाटेवरची धूळ झाली, संध्याकाळ झाली. तेवढ्यात मला दिसलं, पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांचे ओठ हलतायत. बोरीच्या एक शब्द पुढेच. आणि बहिरी लिडिया आजी शेजारणीला चर्चभर ऐकू जाईल असं म्हणाली, "आता दिवा येतो बघ!"

आबेलचा उपदेश त्या गावात गेल्या वर्षी येऊन गेला होता. त्याच्या आदल्या वर्षीही.

लोक हसले. बोरी थांबली. तिची नजर बुटांकडे गेली. आता वार्टबुर्ग चालू करून ठेवावी, असं मला वाटलं.

मग तिनं मान वर केली.

"दिवा तुम्हाला पाठच आहे," ती म्हणाली. "तो राहू दे. मी स्वयंपाकीण आहे. हे वाचते तेव्हा मला दरवेळी वाटतं, त्या रात्री स्वयंपाक कुणी केला होता? दिवस बुडाल्यावर दोन दमलेली माणसं दारात येतात, बरोबर एक अनोळखी पाहुणा. आत कुणीतरी पुन्हा चूल पेटवली असेल. पाहुण्यानं भाकर मोडली, यांना ओळख पटली, आणि तो दिसेनासा झाला. हे दोघं ताडकन उठून आल्या पावली यरुशलेमला पळाले. जेवण तसंच टाकून! मुलं ताटात टाकून उठली की माझं डोकं फिरतं. खानावळीत विचारा. पण ते एक जेवण गार झालं, त्याचा मला राग येत नाही. ती चूल पेटवणारी बाई मी असते, तर भांडी आवरायच्या आधी मीही त्यांच्यामागे धावले असते. मला जरा उशीर झाला, एवढंच."

आणखीही बोलली, पण मला तेवढंच ऐकू आलं. माझ्या डोळ्यांत कोलोन गेलं होतं.

दारात मोझेश आजोबा टोपी हातात घेऊन उभा होता. "पुढच्या वर्षी हीच पाठवा," तो मला म्हणाला, जणू मीच विद्यापीठ. "लिडिया मात्र रुसलीये. तिला दिवा हवा होता."

त्या दिवशी तिला सात घरी भरलेली कोबी खावी लागली. परतताना खसखशीच्या रोलांनी मागची सीट भरली होती. आमच्या गावात शिरल्यावर ती म्हणाली, "आधी खानावळीच्या बाईंकडे घे." दार उघडल्याबरोबर बाईंना सटासट शिंका आल्या. "माझा पातेल्यातला डाव दुसऱ्या कुणाला द्या," बोरी म्हणाली, आणि त्यांच्या हातात एक रोल ठेवून परत गाडीत येऊन बसली.

आता ती टिसापलीकडे एका चर्चची पाळक आहे. कुंपणापलीकडच्या तिच्या जुन्या घरात दातांचा डॉक्टर आलाय. कपडे मशीनमध्ये वाळवतो, कुंपणाकडे फिरकतही नाही. दर ईस्टरच्या सोमवारी मी बाटली घेऊन तिच्याकडे जातो. ती दारातच विचारते, "पिवळी कशी आहे?"

ही तिसरी पिवळी. अंडी भरपूर देते, हिब्रूचं अक्षर येत नाही. शिकवणार कोण?