कोपऱ्यावर हलवलेली टोपी

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. पुढच्या फेब्रुवारीत एका सकाळी माझ्या शेजारणीचा थोरला भाऊ नौदलात भरती होण्यासाठी घरातून निघाला. तो एकोणीस वर्षांचा होता, शेजारीण सात वर्षांची. त्याच वर्षी पानगळीच्या दिवसांत त्याचं जहाज बुडालं. तो सापडला नाही.

हे मी गेल्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात लिहून घेतलं. नवऱ्याला इथल्या विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं म्हणून आम्ही आलो. त्याआधी मी अकरा वर्षं अकोल्याच्या एका दैनिकात उपसंपादक होते. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. ग्रंथालय युद्धाच्या पहिल्या काही महिन्यांतल्या आठवणींची पुस्तिका काढत होतं आणि त्यासाठी स्वयंसेवक हवे होते. माझ्या वाट्याला एकच व्यक्ती आली, भिंतीपलीकडची. त्यांचं वय एक्याण्णव.

त्या महिन्यांतलं त्यांना बरंच आठवत होतं. घरातली साखर मोजून वापरायला लागली. वडिलांनी गाडीचे टायर शेडमध्ये टांगून ठेवले. पण त्यांना पुस्तिकेत एकच गोष्ट नक्की हवी होती. भाऊ रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेला, वळला, टोपी काढून दोनदा हलवली. त्यांनी ते वरच्या खिडकीतून पाहिलं होतं. त्याचा निरोप म्हणून त्यांच्याकडे तेवढंच होतं.

"बाकीचं काप हवं तर," त्या म्हणाल्या. "टोपी ठेव."

मी पुरावा मागितला. सवयच ती. त्यांनी स्वयंपाकघरातल्या खणातून, डिशवॉशरच्या वॉरंटीच्या कागदांखालून एक लिफाफा काढला. भावाने प्रशिक्षण छावणीतून पाठवलेलं एकमेव पत्र. आई गेल्यावर ते त्यांच्याकडे आलं. त्यांनी ते कधी उघडलं नव्हतं.

"उघडायचं कशाला? पाठ आहे. आईने शंभरदा वाचून दाखवलंय." आता त्यांना छापील अक्षरही दिसत नाही. "वाच तू. टोपीचं आहे त्यात."

पत्र पेन्सिलीने लिहिलेलं, दीड पानाचं. मी पहिल्या ओळीपासून वाचलं. जेवण, बूट, थंडी. शेवटच्या परिच्छेदात बहिणीचा उल्लेख होता: तिला सांग, ती झोपली होती म्हणून उठवलं नाही. उठवलं असतं तर निघता आलं नसतं.

टोपीचा उल्लेख नव्हता.

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं. त्यांनी हात पुढे केला, पत्र घेतलं, घडी घातली. मग म्हणाल्या की त्या थकल्या आहेत. मी घरी आले.

सकाळी अकोल्याला आईशी व्हिडिओ कॉल झाला. मी तिला सगळं सांगितलं.

"नव्वदीची बाई, आणि तिला तू जसंच्या तसं वाचून दाखवलंस? धन्य आहेस!"

"लिहिलं होतं तेच वाचलं."

"पत्र काय असं वाचतात? तुझा काका आसामात होता तेव्हा त्याची पत्रं तुझ्या आजीला मीच वाचून दाखवायची. तो लिहायचा चार ओळी, मी वाचायची दोन पानं. 'दिवाळीला येतो' हे तर दर वेळी मीच घालायची. त्यावर त्या वर्ष काढायच्या."

"आणि काका यायचा नाही तेव्हा?"

"तेव्हा रजा नाकारली म्हणायचं. तेही माझंच." मग तिने विचारलं, "तू या दिवाळीला येतेस का?"

"इथे परतायला लागणाऱ्या व्हिसा स्टॅम्पिंगची तारीख मिळते का बघू. नक्की नाही."

"बघ. तू तर एक ओळही वाढवून सांगायची नाहीस."

तीन दिवसांनी शेजारणीने भिंतीवर टकटक केली. मी गेले. पत्र टेबलावर होतं. मी त्यांना आईने सांगितलेलं सांगितलं: आमच्याकडे वाचणारी बाई पत्रात भर घालायची. तुमच्या आईने तसं केलं असेल, नसेलही. खात्री करता येणार नाही.



"पण मला तो दिसतो," त्या म्हणाल्या. "तपकिरी टोपी. रस्त्यावर बर्फ. आईने बर्फाचं काही सांगितलं नव्हतं."

"मग तुम्ही पाहिलंही असेल."

"उगीच गोड बोलू नकोस. तुला जमत नाही." त्यांनी पत्र जवळ ओढलं. "तुमच्या पेपरात, स्वतः न पाहिलेलं कसं लिहितात?"

"कोणी सांगितलं ते लिहितात."

"मग तसं लिही. आईने सांगितलं."

मी तिथेच टाइप केलं आणि वाचून दाखवलं: माझा भाऊ निघाला तेव्हा मी झोपले होते. आईने मला सांगितलं की कोपऱ्यावर तो वळला आणि त्याने टोपी दोनदा हलवली.

"अजून एक शब्द घाल," त्या म्हणाल्या. "'माझ्यासाठी हलवली,' असं. ती तसंच म्हणायची."

मी ते घातलं. त्यांनी संमतीपत्रावर सही केली.

पुस्तिका एप्रिलमध्ये निघाली. परिच्छेद न कापता छापला आहे. ग्रंथालयाने संग्रहासाठी मूळ पत्र मागितलं होतं. शेजारणीने छायाप्रत दिली, मूळ पत्र दिलं नाही.