खेळायला दाखवलेला माळ

माझे वर्षभराचे रविवार गोल्फने खाल्ले, आणि मी आयुष्यात एकदाही ती काठी हातात धरलेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्याकडून त्या खेळाबद्दल काही कळेल अशी कुणी आशा धरायला नको.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत एका नव्या कारखान्याच्या ऑफिसात मी चिकटलो होतो. चिकटलो म्हणजे हंगामी. दर सहा महिन्यांनी साहेब कागदावर सही करणार आणि मी पुढच्या सहा महिन्यांसाठी सुटकेचा श्वास सोडणार. साहेब म्हणजे आमचे मॅनेजर. पुण्याचे, हुशार, ‘नाही’ हा शब्द मुळी ऐकूच न येणारे. यंत्रं बसवायला विलायतेहून एक इंजिनिअर आला होता. साठीकडे झुकलेला, लाल मानेचा, कमी बोलणारा माणूस. त्याचं सगळं माझ्या गळ्यात होतं: उकळलेलं पाणी, इस्त्रीचे कपडे, बिनतिखटाची भाजी. दिवाळी झाल्यावर एका शनिवारी साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “पाहुण्यांना रविवारी गोल्फ लागतो. त्यांना हा भाग नवा आहे. चांगली चांगली मैदानं बघून यादी करा.”

इंदापूर तालुक्यात गोल्फच्या मैदानांची यादी! मी “करतो साहेब” म्हणालो. हंगामी माणूस दुसरं काय म्हणणार?

एसटीडी बूथवरून पुण्याला चार फोन केले तेव्हा कळलं, मैदान आहे, पण ते पुण्यात. दोन रविवार आम्ही जीपने गेलो. हायवेवर उसाच्या ट्रॉल्या, खड्डे, आणि मागच्या सीटवर त्या काठ्यांची लांबलचक पिशवी मांडीवर घेऊन बसलेला मी. दिवस सगळा रस्त्यात जायचा. दुसऱ्या रविवारी परत येताना पाहुण्याने कंबर धरली आणि सावकाश इंग्रजीत मला सांगितलं की त्याला खरं मैदान नकोच. आखूड गवत, थोडा उतार, पाणी साचत नाही अशी जमीन आणि लांबवर मोकळी नजर, एवढं मिळालं तरी खूप. भोकं तो स्वतः पाडून घेईल. सोमवारी मी हे साहेबांच्या कानावर घातलं.

“तुम्ही इथलेच ना?” साहेब म्हणाले. “मग काढा जागा.”

इथलाच होतो, त्यात वाद नाही. आमचं घराणं मेंढरं राखणाऱ्यांचं. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, उमेदीची सगळी वर्षं वाड्याच्या पुढे चालले. वाडा म्हणजे बिऱ्हाडासकट हिंडणारा आमचा कळप. दसरा झाला की तो कोकणाच्या वाटेला लागायचा आणि पाऊस लागता लागता परत यायचा. वाड्यातला एक माणूस अर्धा दिवस आधी निघतो, पुढचं गवत बघतो, पाणी बघतो, शेतमालकाशी बोलतो आणि मग येऊन सांगतो की आज इथं बसायचं. आमच्यात तो माणूस म्हणजे आबा. आणि अशा माणसाला एक बंधन असतं: बघून आलेली जागा वाड्याबाहेर कुणाला सांगायची नाही. गुडघे गेल्यावर आबा घरी बसले, आणि सगळी मेंढरं त्यांच्या धाकट्या भावाने, आमच्या तात्यांनी, सांभाळली. मी कॉलेज केलं आणि कारखान्यात गेलो. मेंढरांचा वास अंगाला नको म्हणून मी दोनदा साबण लावायचो, तेही सांगून टाकतो.

त्या संध्याकाळी मी आबांना पाहुण्याच्या अटी सांगितल्या.

“आखूड गवत, उतार, पाणी साचाय नगं, लांबवर दिसाय पायजे,” आबा म्हणाले. “म्हंजी मेंढरं बसवायची जागा. त्यात येवडं काय अवघड हाय?”

मग आबा, मी आणि पाहुणा असे जीपमधून हिंडायला लागलो. आधी मोरगावच्या बाजूचा एक माळ झाला. गवत होतं, पण खाली सगळा खडा. पाहुण्याने मारलेला पहिलाच चेंडू दगडावर आपटला आणि थेट शेळ्यांत घुसला. शेळ्यांच्या मालकिणीने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पाहुणा टोपी काढून तिच्यापुढे मान लववत राहिला, त्यामुळे ती आणखीच चिडली. एसटीची वाट बघत बसलेली माणसं गाडी सोडून बघायला आली. पुढच्या रविवारी बावड्याच्या बाजूला गेलो. आबांना तिथला एक पडीक तुकडा पक्का आठवत होता. जाऊन बघतो तर डोक्याच्या वर ऊस. आबा बांधावर उभे राहिले, काठीने दाखवत म्हणाले, “हितं आमचा वाडा बसायचा. तितं चूल.” शेतमालक भला माणूस. त्याने आम्हाला पेरू दिले. पाहुण्याने ते खाल्ले आणि दोन दिवस पोट धरून बसला, त्याबद्दल बोलणी मी खाल्ली.

आणखी तीन रविवार असेच गेले. कुठे डाळिंब लागलेलं, कुठे तारेचं कुंपण, कुठे कारखान्याच्या पाट्या रोवलेल्या. आबांच्या डोक्यातला एकेक माळ आम्ही खोडत चाललो होतो. जीपमध्ये ते हळूहळू बोलायचे बंद झाले. मीही इतका कंटाळलो होतो की ते का गप्प आहेत हे विचारायची ताकद उरली नव्हती. घरी आल्यावर बायको विचारायची, “मिळालं का?” आणि मी नुसता बूट काढायचो.

शेवटी एका रात्री जेवताना मी म्हणालो, “आबा, माझी सही ह्याच महिन्यात हाय. साहेब रोज इचारत्यात.”

आबांनी हातातला घास ताटात ठेवला.

“येक हाय,” ते म्हणाले. “पर तो तात्याचा हाय.”

तात्यांचा म्हणजे कागदावर नव्हे. ते एका गावाचं गायरान होतं, कारखान्यापासून तासाभरावर, बाभळींच्या रांगेमागे लपलेलं. पेरण्या झाल्या की सगळी शेतं बंद होतात आणि मेंढरांना उभं राहायला फक्त माळ उरतो. पावसाळ्याचे ते तीन-चार महिने तात्यांची मेंढरं त्या एका माळावर जगायची. दुसरा कुठे उरलाच नव्हता, हे तर आम्ही गेले दीड महिना डोळ्यांनी बघत होतो.

“तात्या काय आता न्हाय हितं,” मी म्हणालो. “तवर खेळंल पाव्हणा. पाऊस आला की जाईल.”

“व्हय,” आबा म्हणाले. “तवर काय.”

पाहुणा त्या माळावर उतरला आणि पहिल्यांदा हसला. मेंढरांनी वर्षानुवर्षं खुडून गवत गालिच्यासारखं बसवलं होतं. त्याने गुडघे टेकले, तळहात फिरवला, मग उठून आबांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. आम्ही डालड्याचे रिकामे डबे जमिनीत पुरले आणि शेजारी काठ्या रोवून लाल फडकी बांधली. पुढच्या रविवारी गेलो तर दोन काठ्यांना कुणीतरी हळदकुंकू वाहिलेलं होतं. पाहुण्याने ते पुसू दिलं नाही. आबांना तो माणूस आवडला, आणि खरं सांगायचं तर मलाही.

घोटाळा केला तो साहेबांनी. ते एका रविवारी बघायला आले आणि माळाच्या प्रेमात पडले. मग पुण्याहून त्यांचे पाहुणे यायला लागले. गाड्या, छत्र्या, थर्मास, आणि सगळ्यांच्या मागे पाण्याच्या बाटल्या वाहणारा मी. एकाच्या पांढऱ्या बुटाला जुन्या वाळक्या लेंड्या लागल्या. साहेबांनी गावात जाऊन बोलणी केली. कारखाना गावाला बोअर पाडून देणार आणि गाव गायरानात जनावर सोडणार नाही. बोअर खरोखर पडली, पाणी लागलं, गावाने नारळ फोडला. गावाला दोष देण्यात अर्थ नव्हता, त्यांच्या बाया दोन मैलांवरून पाणी आणत होत्या.

“तिथं एक राखणदार लागेल,” साहेब मला म्हणाले. “तुमचे वडील घरीच असतात ना? त्यांनाच ठेवू.” आणि त्याच बैठकीत त्यांनी माझ्या कागदावर सही केली. सहा महिन्यांची नव्हे, कायमची.

मी आबांना विचारलंही नाही. खाकी शर्ट आणि शिट्टी घेऊन घरी गेलो आणि त्यांच्या अंथरुणावर ठेवली. आबांनी शर्ट उलगडून बघितला, घडी घातली आणि विचारलं, “तुजी सही झाली?” मी हो म्हणालो. “मग बरं झालं,” ते म्हणाले. सकाळी शर्ट घालून गेले.

पाऊस लागला. आषाढातल्या एका रविवारी आम्ही माळावर होतो. बारीक भुरभुर होती आणि पाहुणा एकटाच लांबवर खेळत होता. बाभळींमागून कुत्री भुंकली. मग मेंढरं दिसली. तात्या पुढे, डोक्यावर घोंगडीची खोळ, काखेत एक ओलं कोकरू. आठ-नऊ महिन्यांनी परतलेला माणूस आपल्या भावाला बघून हसला आणि मग त्याला तो शर्ट दिसला.

“दादा, ह्ये काय घातलंया?”

आबांनी काठी आडवी धरली. मेंढरांसाठी धरतात तशी, खाली, गुडघ्याजवळ. शिट्टी त्यांच्या गळ्यात नुसती लोंबत होती.

“ह्यो बंद झालाय,” आबा म्हणाले.

“बंद म्हंजी? कुणी केला?”

आबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. जीपपाशी मी बाटल्यांचा खोका घेऊन उभा होतो. फार लांब नव्हतो. मी मान हलवली असती, नुसती एवढीशी होकाराची, तर आबांनी काठी बाजूला घेतली असती आणि मेंढरं आत आली असती. पुढचं काय व्हायचं ते झालं असतं. साहेब रागावले असते, सही तर झाली होती. पण मला त्या क्षणी फक्त दमायला झालं होतं. मी खोका खाली ठेवला आणि पाहुण्याकडे बघायला लागलो.

“तात्या, ने म्हागं,” आबा म्हणाले.

तात्यांनी वाद घातला नाही. कोकरू दुसऱ्या काखेत घेतलं, कुत्र्यांना हाक मारली आणि मेंढरं वळवली. माळाच्या कडेला काही मेंढ्या घास तोडत रेंगाळल्या. त्यांना हुसकावायला आबांनाच पुढे जावं लागलं.

मग गवत वाढलं. श्रावणात घोट्यापर्यंत आलं, भाद्रपदात गुडघ्यापर्यंत. कुसळं धरली. चेंडू पडला की सापडेना. पाहुण्याच्या मोज्यांत कुसळं घुसायची आणि तो दगडावर बसून एकेक उपटत राहायचा. डबे कुठे पुरलेत तेही कळेना, फक्त लाल फडकी गवतावर दिसायची. एका रविवारी त्याने मला जवळ बोलावून विचारलं, “मेंढ्या कुठे गेल्या?” त्याच्याकडे म्हणे जुनी मैदानं मेंढ्यांनीच केलेली होती. मेंढ्या चरत राहिल्या म्हणून लोक खेळत राहिले. त्याला वाटत होतं, आम्ही ते जाणूनच ही जागा निवडली. मी खाली बसून त्याच्या मोज्यातली कुसळं उपटायला लागलो.

साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी चुटकी वाजवली. “मग आणा ना परत मेंढ्या!”

आबा आणि मी एसटीने तात्यांच्या वस्तीवर गेलो. कुत्री आमच्यावर भुंकली नाहीत, अंगणात पडून राहिली. मेंढरांभोवती लावायची जाळी खुंटीला घडी घालून टांगलेली होती. ती कधी घडी घातलेली मी पाहिली नव्हती. तात्यांनी पंधरा दिवसांपूर्वी सगळा कळप बाजारात काढला होता. रस्त्याच्या कडेने चारत चारत महिनाभर काढला, मग लोकांची बोलणी ऐकवेनात, म्हणाले. काकूने चहा केला. चहा कोरा होता. माझ्या लहानपणी त्या घरात दुधाला तोटा नव्हता. तात्या मला म्हणाले, “नोकरी पक्की झाली म्हनं तुजी. लई चांगलं झालं बग.” आणि ते मनापासून म्हणाले, हे आजही मला सहन होत नाही.

साहेबांनी मेंढ्यांचा विषय झटकून टाकला. “जाऊ द्या. दुसरी जागा बघा. वडिलांना विचारा, त्यांना सगळं माहीत असतं.”

मी विचारलं. आबांनी खाकी शर्ट धुऊन, घडी करून कॉटवर ठेवला होता. तो त्यांनी माझ्याकडे सरकवला.

“मला न्हाय ठावं,” ते म्हणाले. दोन तालुक्यांतला पाण्याचा प्रत्येक डबरा ठाऊक असलेला माणूस.

थोड्या दिवसांनी आम्ही बारामतीहून एसटीने परत येत होतो, आबांच्या गुडघ्यांना औषध आणायला गेलो होतो. मी खिडकीपाशी होतो. एका वळणावर टेकाडामागे हिरवा उतार दिसला, मोकळा, आखूड गवताचा, नजर पोचेल तिथवर. मी आबांकडे वळलो. ते आधीपासून तिकडेच बघत होते, आणि मी बघितलं हेही त्यांनी बघितलं.

“खिडकी लाव,” आबा म्हणाले. “धूळ येतीया.”

सकाळीच पाऊस पडून गेला होता, सगळा रस्ता ओला होता. तात्यांकडे आता एक मेंढी नव्हती. ती जागा कुणासाठी राखायची, हे मी विचारलं नाही. मी खिडकी लावली, आणि सोमवारी साहेबांना सांगितलं की या भागात दुसरी जागा नाही.