आज काय सापडलं?

महाडच्या बाजारपेठेत एक झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे मी मराठी टायपिंग करते. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. माझं गाव भंडाऱ्याकडलं; जायचं म्हटलं तर जीव थकून जातो इतकं लांब. नवरा महामार्गाच्या कामावर पोकलेन चालवतो, काम पोलादपूरला आलं तशी आम्हीही आलो. दुकानाच्या ताईंनी मला आधी कागद लावायला ठेवलं, मग कीबोर्ड शिकवला. तुमचे उपकार आहेत, असं मी जाता-येता म्हणते आणि त्या म्हणतात, "पुरे गं, तिथे स्वल्पविराम दे."

पावसाळा सरला की कॉलेजांच्या परिषदांचा हंगाम येतो. कुठल्याही विषयाचे प्राध्यापक निबंध पाठवतात आणि सगळे एकाच पुस्तकात छापतात. त्यामुळे माझ्या टेबलावर वटवाघळांच्या शेजारी बचत गट बसतात आणि दरडींच्या पाठोपाठ मधुमेह येतो. प्रत्येकाच्या शेवटी "असे आढळून आले". मला त्यातलं किती कळतं देव जाणे, पण बोटांखालून गेलेलं मी विसरत नाही. आणि घाबरायची मला सवयच. झोप कमी झाली की रक्तदाब वाढतो असं टाइप केलं, आणि त्याच काळजीनं माझी झोप गेली. फार वेळ एका जागी बसू नये, हे टाइप करायला मी सकाळपासून एका जागी बसलेली. दरड येण्याआधी उतारावरची झाडं कलतात, हे वाचल्यापासून मिनीडोर रिक्षात मी डोंगराकडची बाजू धरते आणि पोलादपूर येईपर्यंत झाडं बघत बसते. इथली निम्मी झाडं वाऱ्यानंच कललेली असतात, ते वेगळं.

एक निबंध शाळा अर्धवट सोडलेल्यांवर होता. लेखी सूचना अशा माणसांना नीट उमगत नाहीत, वेळेवर आठवत नाहीत, असं काहीसं त्यात आढळून आलं होतं. मी "सूचना"तला उकार दीर्घ केला आणि पुढच्या ओळीवर गेले.

आम्ही राहतो ती खोली काकींची. त्यांचे यजमान मुंबईला वॉचमन आहेत. शेजारच्या घरात काकींचा धाकटा दीर आणि जाऊ, खाली वहाळाकडे भाताचं शेत. संध्याकाळी मी परतले की काकी ओटीवरून विचारणारच, "आज काय सापडलं गो तुझ्या मास्तरांना?"

"मीठ जास्त खाऊ नये जी."

"कालपरवा तर बोललीस, मीठ कमी पडलं तर चक्कर येते."

"ते दुसऱ्या मास्तरांचं होतं."

"मग दोघांना एका खोलीत कोंडा नि ठरवू दे त्यांचं. तवर मी सुकट खाते."

त्याच हंगामात एका डॉक्टरबाईंचा सर्पदंशावरचा निबंध आला. तो मी दोनदा टाइप केला, कारण पहिल्या वेळी जतन करायच्या आत लाइट गेली. चावलेला हात हलवू नये. आवळून बांधू नये, कापू नये. सूज चढायच्या आत अंगठ्या-बांगड्या काढाव्यात. माणसाला चालवू नये, थेट दवाखान्यात न्यावं. काही सापांच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं, ते काचेच्या नळीत रक्त ठेवून तपासतात. हे काकींना सांगायला गेले तर त्यांनी हात वर केला. "दिवेलागणीला त्याचं नाव नको घेऊ." दुसऱ्या दिवशी सकाळी सांगायला गेले, तर सकाळच्या पारीही नको म्हणाल्या. भाडेकरूनं किती बोलायचं?

भातकापणी चालू होती. रविवार, दुकानाला सुट्टी, नवरा कामावर. मी कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात शेतातून काकींची जाऊ धापा टाकत आली.

"अगो, मोठीला पान लागलं!"

काकी तंबाखू घालून पान खातात. आमच्याकडे सुपारी लागते, तंबाखू लागतो. घाम फुटतो, गरगरतं. मला वाटलं तेच. म्हटलं, "साखर द्या जी तोंडात, वर पाणी. थोडं पडू द्या त्यांना."

"साखर?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "अगो, भारा उचलायला गेली नि पान लागलं! लांबडं!" आणि तिनं हातानं जमिनीसरशी एक वळवळती रेघ ओढली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे साप डसतो. इथे पान लागतं.

धावत खाली गेलो. काकी बांधावर बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर, तळव्यामागे दोन लाल ठिपके, भोवती सूज. मनगटात हिरव्या बांगड्या भरलेल्या. दीर भारे बांधायचं सुंभ घेऊन हात आवळायला निघाले होते.

"बांधू नका जी."

"मग इख वर चढू देऊ?"

"हात नुसता हलवायचा नाही. आणि बांगड्या काढायच्या. आत्ताच."

जाऊ किंचाळली. "बांगड्या? तिचा नवरा जिता हाय मुंबईला!"

"तुला कोणी सांगितलं?" दीर माझ्यावर खेकसले. "तू काय डाक्टरीण हायस?"

"नाही जी. मी टाइप केलंय."

हे किती तोकडं आहे ते बोलल्यावर माझं मलाच ऐकू आलं. पण दुसरं माझ्याकडे काही नव्हतं. उद्या काही बरंवाईट झालं तर ही भंडाऱ्याची बाई मध्ये पडली होती, हेच सगळे म्हणणार. काकी मात्र माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"काढ," त्या म्हणाल्या.

पाण्यानं हात ओला करून दोन बांगड्या निघाल्या. उरलेल्या हाडावर अडकल्या. मनगट डोळ्यांदेखत फुगत होतं. "फोडा" हा शब्द माझ्या जिभेवर आला आणि तिथेच थांबला.

"वाढवूया, काकी," मी म्हटलं. "नुसत्या वाढवूया."

बांगडी फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. माझी आईही तसंच म्हणते. एवढा एक शब्द दोन्ही मुलखांत सारखा निघाला.

"आता कशी आपल्या माणसासारखी बोललीस," काकी म्हणाल्या. त्यांना घाम फुटला होता. मग जावेला म्हणाल्या, "रडतेस काय गो? वाढव. डाव्याला हात लावू नको फक्त."

जावेनं पदराची घडी बांगड्यांखाली सरकवली आणि विळ्याच्या मुठीनं हलकेच एकेक वाढवली. काचा तिनं गवतात टाकल्या नाहीत, पदरातच ठेवल्या.

आता न्यायचं कुठे? दीर म्हणाले, आधी वरच्या वाडीत भगताकडे, मग दवाखाना. वरची वाडी म्हणजे उलट्या दिशेला चढण. मला पुन्हा बोलायचं धैर्य होईना. काकीच म्हणाल्या, "त्याला फोन लाव."

दिरांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला. भगतानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वर कशाला आणता तिला? आधी सुई टोचा. मी इथनं बघतो काय ते. पोचलात की मिसकॉल द्या."

प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही त्यांना रस्त्यापर्यंत उचलून आणलं आणि रिक्षात घातलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?"

"पान लागलं," काकी म्हणाल्या. डॉक्टर इकडचेच असावेत. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही, मान न वर करता लिहून घेतलं. सिस्टरनं काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन नळी उभी करून ठेवली. मला माहीत होतं, ती आता हलवायची नाही. आम्ही तिच्याकडे बघत बसलो. थोड्या वेळानं सिस्टरनं नळी तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखं काठाला आलं. लगेच सलाइनमधून औषध सुरू झालं. दिरांनी भगताला मिसकॉल दिला.

मुंबईहून काका गाडीनं निघाले होते. जाऊ मला म्हणाली, "तू घरी जा, भात टाक." मी गेले नाही. अंधार पडायच्या सुमाराला सिस्टरनं पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा नळी उभी केली. या वेळी तिरकी केली तेव्हा रक्त जागचं हललं नाही. तिनं नळी पुरती उलटी करून आम्हाला दाखवली. मी भिंतीला टेकून खाली बसले.

काका वीर स्टेशनला उतरून रिक्षानं आले. दारातून त्यांना आधी काकींचा उजवा हात दिसला: सुजलेला, भुंडा. ते उंबऱ्यातच थांबले. आपण जिवंत असताना बायकोचा हात भुंडा; त्यांना काय वाटलं असेल ते मी सांगायला नको.

"वाढल्यात नुसत्या," काकी खाटेवरून म्हणाल्या. आवाज खोल गेला होता. "आत या. आज काय सापडलं ते हिला विचारा."

काका माझ्याकडे वळले. मी उठून उभी राहिले आणि गोठलेल्या रक्ताच्या नळीपासून सांगायला लागले.