आप्पांचा परस्पर आलेला जावई

कुणी ओळख करून देताना "हे आमचे जावई" म्हणालं की आजही माझ्या तोंडून आधी "नक्की?" असंच निघतं. घरचे वैतागतात. पण नोकरीतलं ते प्रकरण डोक्यातून जात नाही, त्याला मी काय करू! त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, साधी मारामारीही नव्हती. तरीही इतकी धावपळ आणि इतकं हसू मला दुसऱ्या कुठल्याच तपासात मिळालं नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी अंबरनाथला फौजदार होतो. सकाळची हजेरी झाली, रात्रीच्या ठाणे अंमलदाराने डायरी सोपवली, आणि मी आज करायच्या कामांची यादी लिहायला घेतली. पहिलं काम लिहून होतंय तोच एक पन्नाशीचे गृहस्थ आणि त्यांची मुलगी आत आले. नावं देत नाही. त्यांना मी आप्पा म्हणतो. अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी, कपडे परीटघडीचे, पण चेहरा असा की रात्रभर डोळा लागलेला नसावा.

"साहेब, माझ्या मुलीचं लग्न मोडतंय," आप्पा म्हणाले.

"का?"

"कारण तिचं लग्न आधीच झालंय म्हणतात!"

मी मुलीकडे पाहिलं. ती बँकेत नोकरीला होती. रडत नव्हती, चिडली होती. "साहेब, मला लग्नाची घाई नाही," ती म्हणाली. "पण माझ्या नावावर परस्पर नवरा कुणी लावला, ते मला बघायचंय."

मी यादी बाजूला ठेवली.

हकीकत अशी. मुलीचं लग्न बदलापूरजवळ खरवईला ठरत आलं होतं आणि येत्या रविवारी साखरपुडा होता. मुलाची आत्या ऑफिसच्या मंडळींबरोबर महाबळेश्वरला एका रिसॉर्टवर गेली. तिथे नाश्त्याच्या वेळी मॅनेजर एका तरुणाला म्हणाला, "सासऱ्यांना आमचा नमस्कार सांगा," आणि त्याने आप्पांचं नाव घेतलं. आडनावासकट, कारखान्यासकट! आत्याने मुलीला अजून पाहिलं नव्हतं. त्या तरुणाची बायको तिला पाठमोरी दिसली, लांब वेणी घातलेली. आप्पांच्या मुलीचीही वेणी लांब. त्यातून त्याच दिवसांत मुलगी मैत्रिणीच्या लग्नाला पुण्याला गेलेली. मैत्रिणीची साक्ष कोण मानणार? खरवईहून निरोप आला : साखरपुडा थांबवा.

"तुमचं नाव त्या रिसॉर्टवर कसं?" मी विचारलं.

आप्पा खाली बघायला लागले. तेव्हा टाइमशेअरचं खूळ नवीन होतं. एखाद्या हॉटेलात जेवायला बोलवायचे, रंगीत स्लाइड दाखवायचे, आणि जेवण संपेपर्यंत माणूस डोंगरावरच्या खोलीचा वाटेकरी होऊन बाहेर पडायचा. आप्पाही तसेच झाले. वर्षातले सात दिवस खोली त्यांची. हवे तर ते दिवस तोडून वापरावेत, स्वतः जावं किंवा नातेवाइकांना पाठवावं. बाहेरच्या माणसाला भाड्याने द्यायचं असेल तर रिसॉर्टची परवानगी काढायची आणि वेगळा आकार भरायचा. त्या वर्षी आप्पांना सुट्टी मिळेना. उल्हासनगरच्या एका एजंटने सांगितलं, "तुमचे दिवस मी भाड्याने देतो, तुम्ही फक्त पत्रांवर सही करा." पत्रात मजकूर असा : 'हे माझे नातेवाईक आहेत, त्यांना राहू द्यावे.' नावाची जागा कोरी.

"कोऱ्या पत्रांवर सही केलीत? किती पत्रांवर?"

"गठ्ठाच होता साहेब. कारखान्यात मी रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या गेटपासांवर अशाच सह्या करून ठेवतो. माणसं अडून राहू नयेत म्हणून. हाताला सवय..."

मुलगी पुटपुटली, "माझा गेटपास निघाला, बघा."

मी एसटीडी लावून रिसॉर्टच्या मॅनेजरला विचारलं. तो तर खुशीत होता. "हो साहेब, मेंबरांची मुलगी आणि जावई येऊन गेले. सहीचं पत्र होतं. फार गोड जोडपं!" घ्या! पुरावा होता, पण आमच्याच विरुद्ध. आप्पांनी नुसतं सांगून खरवईकर ऐकणार नव्हते. एजंटला पकडायचं आणि त्याच्याच तोंडून वदवायचं, हाच मार्ग होता. रविवार जवळ येत होता.

एजंटची जागा बघायला हवालदार गेले तर शटर बंद. मग मी उल्हासनगरच्या एका कापड व्यापाऱ्याला गाठलं. हे सिंधी गृहस्थ आम्हाला अधूनमधून बाजारातल्या बातम्या देत. मी प्रश्न पुरा करायच्या आत त्यांनी मांडीवर हात मारला.

"अरे साईं, वो टाइमशेअरवाला? आता फर्निचर बाजारात बसतो. काल मलाच गाठलं त्याने. बोलतो, सेठ, महाबळेश्वर जाओ, सस्ते में! अंबरनाथच्या साहेबाचा मामा बनून जा. मी बोललो, बाबा, माझं मराठी ऐक. तो साहेब मराठी, मी त्याचा मामा कुठून होणार? तर बोलतो, तोंड बंद ठेवा, मौनव्रत आहे सांगा!"

मी हसत हसत उठलो. पत्रं अजून त्याच्याकडेच होती आणि आप्पांचं नाव अजून चालू होतं. सापळा लावता येणार होता!

उल्हासनगर आमच्या हद्दीत नव्हतं. तिथल्या ठाण्याला कळवलं, त्यांचे दोन शिपाई मागून घेतले. आमचे हवालदार आणि एक महिला शिपाई साध्या वेशात नवरा-बायको म्हणून जाणार होते. दोन पंच बोलावले, नोटांचे नंबर त्यांच्यासमोर उतरवले. एवढं झाल्यावर मी जीप काढून खरवईला गेलो.

मुलाचे वडील, त्यांना काका म्हणतो, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी मला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि तोंडावर सांगितलं, "मुलीच्या बापाने पोलिसांची शिफारस आणली होय? साहेब, बोलण्यावर माझा विश्वास बसत नाही."

"मग बोलणं नको. माझ्याबरोबर चला आणि नुसतं ऐका."

"मला पंच करताय?"

"तुम्हाला पंच करता येत नाही, तुमचा संबंध आहे. तुम्ही सोफा बघायला आलेलं गिऱ्हाईक."

ते आत जाऊन टोपी घालून आले. "सोफा घ्यायचा नाहीये, आधीच सांगतो," म्हणाले.

फर्निचरचं दुकान लांबट होतं. मालकाला विश्वासात घेतलं होतं. पुढे एजंटचं टेबल, त्याच्या बाजूला विकायचे सोफे, मागे आरशाची कपाटं. मी आणि पंच एका कपाटामागे उभे. काका सोफ्यावर बसले, एकदा दाबून बघितला, नाक मुरडलं. झकास काम करत होते! मग आमचं जोडपं आलं. पैसे दिले, एजंटने ते खिशात घातले आणि सहीचं एक पत्र काढलं. त्याने आमच्या हवालदाराचं खोटं नाव त्यात भरलं आणि मग शिकवणी सुरू केली.

"तिथे विचारलं तर काय सांगायचं? मेंबर तुमचे कोण?"

"सासरे," हवालदार म्हणाले.

"शाब्बास. सासऱ्यांचं नाव?"

हवालदारांनी जोरात आपल्या खऱ्या सासऱ्यांचं नाव सांगितलं. महिला शिपायाने कोपर मारलं. "अहो, हे नाही, ते!"

"नवराबायकोचं आधी नीट ठरू द्या," एजंट वैतागला. त्याने आप्पांचं पूर्ण नाव सावकाश, शाळामास्तरासारखं, परत परत म्हणून घेतलं. कारखाना सांगितला. अंबरनाथ पूर्व सांगितलं. "आणि सासूबाईंना काय म्हणता?"

"काही म्हणत नाही. लांबूनच बरं."

"आई म्हणायचं! आत्ताच एक जोडपं पाठवलं होतं, खरवईचं. पोरगा इतका गोड बोलला की मॅनेजरने त्याच्याबरोबर सासऱ्यांना नमस्कार धाडला. आणि मेंबरला कधी बघितलेलं पण नाही त्याने!"

मी कपाटाच्या फटीतून काकांकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. तेवढं पुरेसं होतं. मी खूण करणार, इतक्यात एजंटचंच लक्ष त्यांच्याकडे गेलं. समोर गिऱ्हाईक दिसलं की त्याला राहवायचं नाही.

"काका, तुम्हाला पण पाठवू का महाबळेश्वर? याच मेंबरवर अजून दिवस आहेत."

"माझ्या वयाला जावई कसा होऊ?" काका शांतपणे म्हणाले.

"जावई कशाला? तुम्ही मेंबरचे व्याही! एकदम शोभता."

काका उठले. आवाज चढला. "अरे, मी त्यांचा खराच व्याही होणार होतो. तुझ्यामुळे राहिलो!"

एजंटला काही कळेना. त्याने आधी काकांकडे पाहिलं, मग कपाटामागून निघालेल्या माझ्याकडे, आणि पळायला वळला तर दोन सोफ्यांच्या मधे अडकला. हवालदारांनी त्याची कॉलर धरली. "चला जावईबापू, आता खऱ्या सासरी!"

खिशातल्या नोटांचे नंबर जुळले. पंचनामा झाला, उरलेली पत्रं जप्त केली. ठाण्यात विचारपूस करताना त्याने आधी कानांवर हात ठेवले. मग म्हणाला, "साहेब, मी कुणाचं लग्न मोडलं नाही. मी तर नाती जोडतो!"

"किती जोडलीस?"

एकदा बोलायला लागल्यावर तो थांबेना. परवानगी आणि आकार चुकवायला त्याने नात्यांची युक्ती काढली होती. कोणी जावई, कोणी भाचा. आप्पांचे उरलेले दिवस तर त्याने एकापेक्षा जास्त गिऱ्हाइकांना विकले होते. पालेगावचं एक कुटुंब लहान मुलांसह वर पोहोचलं तेव्हा खोलीत आधीच आप्पांचे 'मेहुणे' जेवत बसले होते. बिचाऱ्यांना धर्मशाळेत राहावं लागलं. पोरांनी वाटभर पाठ केलेलं 'आजोबांचं' नाव फुकट गेलं. खरवईच्या त्या नवीन जोडप्याला जबाबाला बोलावलं तेव्हा त्यातली बायको रडायलाच लागली. तिला वाटलं, खोटं माहेर सांगितल्याबद्दल बेडी पडणार. मी समजावलं, जबाब घेतला, चहा पाजून पाठवलं.

सापळ्याच्या दिवशीच संध्याकाळी काका माझ्याबरोबर आप्पांच्या घरी आले. दारातच हात जोडायला लागले तर मुलीने थांबवलं.

"काका, माफी नको. पण आत्यांनी तुम्हाला सांगितलं, तुम्ही मध्यस्थाला सांगितलं, मध्यस्थाने बाबांना सांगितलं. मला कुणी विचारलंच नाही."

"आता विचारतो," काका म्हणाले. "रविवारी येऊ का?"

"मुलालाही घेऊन या. त्यालाही मला विचारायचं राहिलं होतं."

रविवारी साखरपुडा झाला. मी आमंत्रणावरून गेलो आणि पेढे खाल्ले.

सेवेत कितीतरी फसवणुकी पाहिल्या, पण 'मला कुणी विचारलंच नाही' हे तिचं एक वाक्य माझ्या कामी सगळ्यात जास्त आलं. या प्रकरणात चूक सगळ्यांची एकच होती. ज्याला विचारायचं त्याला सोडून बाकीच्यांना विचारलं. आप्पांनी रिसॉर्टला विचारलं नाही, भाडेकरूंनी आप्पांना विचारलं नाही. म्हणून कुणी सल्ला मागितला तर मी सांगतो. तुमचे दिवस भाड्याने द्यायचे असतील तर आधी रिसॉर्टचा नियम वाचा, परवानगी स्वतः काढा, येणाऱ्याचं नाव तुम्ही स्वतः कळवा, आणि कोऱ्या कागदावर सही करू नका. अगदी गेटपासवरही नको. घेणारे असाल तर मालकाशी बोला आणि रिसॉर्टला फोन करून तारखा तुमच्याच नावावर आहेत का ते पैसे देण्याआधी विचारा. मुख्य म्हणजे, राहायला मिळावं म्हणून कुणी तुम्हाला नातं पाठ करायला लावलं तर तिथून उठा. खऱ्या व्यवहारात भाडेकरू म्हणून जाता येतं, जावई व्हावं लागत नाही.

तपास संपल्यावर मी रिसॉर्टला कळवलं होतं की, या सदस्याच्या नावावर कुणी नातेवाईक आला तर आमच्याकडे खात्री करावी. कळवलं आणि विसरलो. लग्नानंतर काही दिवसांनी ठाण्यातला फोन वाजला. पलीकडे तोच मॅनेजर होता, पण आता आवाज कडक.

"साहेब, मेंबरांचे जावई म्हणून एक जण आलाय. बायको बरोबर आहे. मी खोली दिलेली नाही, बाकावर बसवून ठेवलंय. काय करू?"

मागून एक ओळखीचा, चिडलेला आवाज आला. "फोन इकडे द्या. मला विचारा ना, मी सांगते!"

मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. "तिलाच विचारा," मी म्हणालो. "आणि चावी द्या. हे खरे आहेत!"