रोलर धुणारे मामा

"काय होत नाय, ताई," हे मामांचं कुठल्याही तक्रारीवरचं उत्तर. म्हणताना मान जराशी उजवीकडे कलायची आणि हातातली चिंधी चालूच राहायची. लग्नपत्रिकेत वरपित्याचं आडनाव चुकलं? काय होत नाय, दुसरी प्लेट काढू. ऐन घाईत वीज गेली? काय होत नाय, तोवर चहा मागवा. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा माणूस असेल. सगळं त्याच्या जिवावर चाललेलं असतं आणि त्याच्या जिवाला कधी काही होईल असं कुणाच्या मनात येत नाही.

गिरगावात एका चाळीच्या तळमजल्यावर आमचा छापखाना. मी कॉम्प्युटरवर मजकूर लावायची, प्रुफं तपासायची. मामा ऑफसेट मशीन चालवायचे. राहायला घोडपदेवला. वडील कामाला होते ती गिरणी बंद पडली तेव्हा कुणीतरी त्यांना आमच्या शेठकडे आणून सोडलं, ते तिथलेच झाले.

मशीनवर रंग बदलायचा म्हणजे आधीचा रंग रोलरवरून पार निघायला हवा. त्यासाठी थिनरचा पाच लिटरचा डबा मशीनखाली असायचा. त्याला झाकण मी कधी पाहिलं नाही. मामा चिंधी त्यात बुडवून रोलर पुसायचे आणि जेवायची वेळ झाली की त्याच चिंधीने स्वतःचे हात, थेट कोपरापर्यंत. शाई साबणाला दाद देत नाही. साबण त्यानंतर, वास घालवण्यापुरता.

एकदा एक गृहस्थ हिंदमाताच्या कापडबाजारातून घेतलेला शालू पिशवीत घालून घेऊन आले. पत्रिकेचा रंग अगदी असाच हवा, म्हणाले. मामांनी हात पुसले, शालूचा पदर खिडकीच्या उजेडात धरला आणि कामाला लागले. तीनदा रंग घोटला, तीनदा रोलर धुतले. चौथ्या खेपेला गृहस्थांनी कागद पदरावर ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले. ते गेल्यावर मी म्हटलं, "मामा, दुसऱ्याच कागदावर जमलं होतं की."

"जमलं होतं. पण पोरीचं लग्न हाय त्यांच्या. त्यांना चार वेळा बघायचं होतं."

थिनरच्या वासाने माझं डोकं चढायचं. शेवटी मी शेठना सांगितलं आणि माझ्या टेबलाभोवती काचेची केबिन झाली. सुताराने ठेवलेल्या फटी मामांनी स्वतः लांबी भरून बुजवल्या. मग बाहेर अगरबत्ती पेटवून ती काचेच्या कडेकडेने फिरवली.

"आता येतो वास?"

"नाही."

"झालं मग. बसा आरामात."

मी आत बसले आणि मामा बाहेर राहिले. त्यात तेव्हा मला काहीच वावगं वाटलं नाही.

गेल्या वर्षी मामा अधूनमधून कागदाच्या गठ्ठ्यावर बसायला लागले. त्यांना मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. दंडावर निळसर डाग दिसले. शाई लागली असेल म्हणून त्यांनी चिंधीने पुसले, पण डाग निघेनात. दात घासताना रक्त येतं, म्हणाले. मग ताप आला आणि उतरेना. मीच मागे लागून रक्त तपासायला लावलं. संध्याकाळी लॅबमधून फोन आला की आजच्या आज मोठ्या हॉस्पिटलात जा.

परळच्या हॉस्पिटलात मामी आणि मी त्यांच्याबरोबर होतो. रक्ताचा कॅन्सर निघाला. डॉक्टर तरुण मुलगी होती, पण घाई नसलेली. तिने मामांना कामाचं विचारलं. रोलर कशाने धुता, हातात काही घालता का, खोलीला खिडक्या किती. मामा शाळेत उभं केल्यासारखे एकेक उत्तर देत गेले.

"तुम्हाला नेमकं यामुळेच झालं असं छातीठोकपणे नाही सांगता येत," ती म्हणाली. "पण काही थिनरमध्ये बेंझीन असतं. ते वर्षानुवर्षं श्वासातून, कातडीतून अंगात गेलं की या आजाराचा धोका वाढतो. एवढं मात्र पक्कं आहे."

मामांनी विचारलं, "काचेच्या आत बसलेल्या माणसाला पण?"

"आत कोण बसतं?"

"ह्या ताई."

मला मान वर करता येईना. डॉक्टरांनी माझंही रक्त तपासायला सांगितलं. सगळं ठीक निघालं. तो कागद मी मामांना दाखवला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला आणि नीट घडी करून परत दिला.

शेठ भेटायला आले, खाटेजवळ बराच वेळ बसून राहिले. माणूस वाईट नव्हता. "मला कुणी कधी सांगितलंच नाही रे," ते म्हणाले.

"मला तरी कुठं सांगितलं?" मामा म्हणाले. "मी पण सगळ्यांना काय होत नाय म्हणायचो. होतं, शेठ. आता माझ्या जागी जो येईल त्याला हातमोजे द्या. मोठा पंखा लावा वारा बाहेर फेकणारा. आणि तो डबा बदला, झाकणाचा आणा."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शेठकडे काही मागितलं होतं. पंधरा दिवसांत पंखा बसला, हातमोजे आले. रोलर धुवायचं थिनर बदललं, नवं विकत घेण्याआधी त्यात काय आहे ते मी वाचून पाहिलं.

केमो झाल्यावर मामा काही महिने घरी होते. मी घोडपदेवला गेले तेव्हा खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. केस गेले होते. नखं मात्र गुलाबी, लहान मुलासारखी स्वच्छ झाली होती.

"बघा ताई, तीस वर्षांत पहिल्यांदा गेली शाई," असं म्हणून त्यांनी हात पुढे केले. मग ते स्वतःच त्या हातांकडे बघत राहिले, जणू कुणी ठेवायला दिलेत.

आजार पुन्हा उलटला. दिवाळीआधी मामा गेले.

महिनाभराने मामी छापखान्यात आल्या. इतक्या वर्षांत त्या कधीच आल्या नव्हत्या. मला वाटलं काही कागद हवे असतील.

"काही नको," त्या म्हणाल्या. "हे दिवसभर कुठं असायचे ते बघायचं होतं."

मी त्यांना मशीनकडे नेलं. नवे मशीनमन काम थांबवून बाजूला झाले. मशीनसमोरच्या शहाबादी फरशीवर दोन ठिकाणी झीज होऊन उथळ खोलगट खुणा झाल्या होत्या, पावलांएवढ्या. इतकी वर्षं मी त्या फरशीवरून जायची, माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. मामींच्या लगेच लक्षात आलं.

त्यांनी चपला काढल्या आणि त्या दोन खुणांमध्ये पाय ठेवून उभ्या राहिल्या. त्यांची पावलं लहान होती, चोहोबाजूंनी जागा उरली. समोर मशीन, मशीनमागे भिंत.

"इथून बाहेरचं काहीच दिसत नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

मामींनी मान हलवली. पण त्या लगेच निघाल्या नाहीत. अनवाणी, भिंतीकडे बघत, तशाच उभ्या राहिल्या.