न पाहिलेलं कॉलेज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, फादरनाही नाही. दरवर्षी ईस्टरच्या आधी कबुलीला गुडघे टेकले, रागावलो, खोटं बोललो, प्रार्थना चुकवली असं सगळं सांगितलं — आणि हे एवढं जिभेखाली धरून तसाच उठलो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगणं सोपं जातंय का? असेलही. पण आता वय अठ्ठ्याहत्तर आहे, आणि ज्याला सांगायचं तो माणूस राहिलेला नाही.

मी वसईचा, पास्कल. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कतारला गेलो. दोह्यातल्या एका हॉस्पिटलात रेकॉर्ड ठेवायची नोकरी होती. पेशंटच्या फायली लावायच्या, मागितली की काढून द्यायची. बस्स. डॉक्टरकीशी माझा संबंध एवढाच. दोह्याच्या अल नस्र भागात एका खोलीत आम्ही पाच जण राहायचो, आणि माझ्या शेजारची खाट दाऊदभाईंची होती.

दाऊदभाई खेडकडचे. कंपनीची बस चालवायचे, पहाटे कामगारांना अल खोरला न्यायचे, संध्याकाळी आणायचे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. मला ‘डाक्टर’ म्हणायचे. ‘‘काय डाक्टर, आज ताप कुणाला, पेशंटला की फायलीला?’’ असं विचारत बूट काढायचे. खोलीतलं मटण तेच करायचे, आणि नळीचं हाड न बोलता माझ्या ताटात टाकायचे. एवढ्यावरून माणूस कळतो ना?

त्यांची थोरली मुलगी शबाना. बारावीला तिला चांगले मार्क पडले, पण सरकारी मेडिकलला थोडेसे कमी पडले. तेव्हा आपल्याकडे खाजगी मेडिकल कॉलेजं नुकतीच निघू लागली होती. दाऊदभाईंपुढे दोन होती. एक त्यातल्या त्यात जुनं, नाव असलेलं — पण त्याच्या देणगीसाठी कलमांची बाग विकावी लागणार होती. दुसरं अगदी नवं, घाटावर, निघून दोनच वर्षं झालेली. त्याची देणगी जवळपास निम्मी. ते घेतलं तर बाग राहणार होती आणि दाऊदभाई दोन वर्षांत कायमचे घरी जाणार होते. स्वस्त आहे म्हणून घ्यावं, की स्वस्त का आहे ते आधी बघावं? महिनाभर खोलीत हेच बोलणं.

आखाती देशात राहिलेल्यांना एक रीत ठाऊक असेल. सुट्टीवर जाणारा माणूस एकट्याची सुट्टी घेऊन जात नाही. कुणाची कॅसेट, कुणाचं घड्याळ, कुणाच्या घराचं छप्पर पडलंय का बघून ये, कुणासाठी मुलगी बघून ये. त्याने परत येऊन सांगितलं की खलास, तो शब्द शेवटचा. आम्ही सगळे एकमेकांच्या डोळ्यांनीच आपापली घरं बघत होतो.

त्या वर्षी सुट्टी माझी होती. दाऊदभाईंनी शबानाच्या पत्रातलं एक पान मला दिलं. पोरीने स्वतःच प्रश्न लिहिले होते. हॉस्पिटलात खाटा किती यापेक्षा पेशंट किती ते बघा. शिकवणारे तिथेच राहतात की तपासणीपुरते येतात? कौन्सिलची मान्यता आली का? अठरा वर्षांची मुलगी — काय नेमकं विचारलं होतं तिने! दाऊदभाई म्हणाले, ‘‘मी गेलो तर मला भिंती दिसतील रे. तू हास्पिटलातला माणूस. तुला आतलं कळेल.’’

मी ते पान पाकिटात ठेवलं आणि वसईला आलो.

माझी धाकटी तेव्हा दोन वर्षांची होती. मागच्या सुट्टीहून परत गेलो तेव्हा ती जन्मायची होती. पहिले दहा दिवस ती माझ्यापुढे यायला तयार नव्हती, आईच्या पदराआडून बघायची. ज्या दिवशी मी घाटावर जायला निघालो, पिशवी खांद्यावर होती, त्या दिवशी ती आपण होऊन आली, माझं बोट धरलं आणि मला विहिरीवरचं कासव दाखवायला घेऊन गेली. मी पिशवी खाली ठेवली. उद्या जाऊ म्हटलं.

ही गोष्ट मी स्वतःला चाळीस वर्षं सांगत आलो. गोड आहे ना? ऐकणाऱ्याचं मन विरघळेल. पण ती एका दिवसाची आहे. त्यानंतर माझी नऊ दिवसांची सुट्टी उरली होती. त्या नऊ दिवसांत मी दोन लग्नांना गेलो, मेव्हण्याबरोबर पत्ते खेळलो, दुपारी झोपलो. एसटीचा रात्रभराचा प्रवास नको वाटत होता, एवढंच. मुलीच्या बोटामागे मी माझा आळस लपवला.

आणि तरीही ते फार मोठं पाप नव्हतं. परत जाऊन ‘नाही जमलं, दाऊदभाई’ म्हटलं असतं तर? चार शिव्या दिल्या असत्या, दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं. वेळ होता. प्रवेशाला अजून तीन आठवडे होते.

दोह्याला उतरलो तर ते स्वतः घ्यायला आलेले, कंपनीची रिकामी बस घेऊन. माझी बॅग त्यांनीच उचलली. बस सुरू करायच्या आधी विचारलं, ‘‘बघितलंस?’’

त्यांचा चेहरा बघितला आणि मी म्हणालो, ‘‘बघितलं.’’

मग थांबता आलं नाही. वॉर्ड कसे आहेत? — भरलेले. ओपीडीला रांग. शिकवणारे? — आवारातच राहतात. फरशी कशी लख्ख, नर्स कशा शिस्तीच्या, एक्स-रेची खोली कुठे — सगळं सांगितलं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी आमच्या दोह्याच्या हॉस्पिटलाचं वर्णन करतोय. रोज फायली घेऊन ज्या वॉर्डांतून फिरायचो, तेच वॉर्ड मी घाटावर नेऊन ठेवले. मान्यतेचं विचारलं तेव्हा ‘येईलच’ म्हणालो. दाऊदभाईंचे डोळे भरून आले. त्यांना जे हवं होतं तेच मी बोलत होतो. ‘‘यल्ला, चला,’’ म्हणाले, ‘‘बाग वाचली, पोरगी डाक्टर झाली, आणि मी घरी चाललो!’’ खोलीवर त्या दिवशी सगळ्यांना बिर्याणी होती. मी दोनदा वाढून घेतली.

दोन वर्षं पुरी व्हायच्या आधीच पत्र आलं. मान्यता आलीच नव्हती. हॉस्पिटलाचे दोन मजले नुसते खांब होते. तपासणीच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून ट्रॅक्टरमधून माणसं आणून खाटांवर निजवायचे, संध्याकाळी परत सोडायचे. एरवी खाटांवर गाद्या गुंडाळलेल्या. मुलं उपोषणाला बसली, कॉलेज बंद पडलं. ज्या कुणाच्या ओळखी होत्या त्यांची सोय लागली. शबाना घरी आली. देणगी बुडाली, आणि मधल्या खर्चासाठी बागही गेलीच. दोन वर्षांत परतणारे दाऊदभाई त्यापुढे सात वर्षं अल खोरची बस चालवत राहिले.

पण मला सांगायचंय ते हेही नाही. सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

पत्र त्यांनी मला बिन महमूद भागातल्या एका चहाच्या दुकानात वाचून दाखवलं. मी खाली मान घालून बसलो होतो. मनात म्हणत होतो, आता विचारतील, आता कॉलर धरतील. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, ‘‘तू कशाला तोंड पाडतोस? तू गेलास तेव्हा चांगलंच असणार. मागाहून बिघडवलं मेल्यांनी.’’

मला सुटायला त्यांनीच शब्द दिले. आणि मी काय केलं? मान वर करून म्हणालो, ‘‘हो. तेव्हा चांगलं होतं.’’

पहिलं खोटं घाईत निघालं होतं. हे मात्र मी विचार करून, त्यांच्या डोळ्यांत बघून बोललो.

दाऊदभाई मागच्या वर्षी गेले. मी खेडला भेटायला गेलो. शबाना आता शाळेतून निवृत्त झाली आहे, विज्ञान शिकवायची. केस पिकलेत. तिने माझ्यासाठी खुर्ची उन्हातून सावलीत ओढली, चहा आणला आणि आपल्या सुनेला सांगितलं, ‘‘हे पास्कलकाका. अब्बा नेहमी म्हणायचे, यांनी सुट्टीतले दोन दिवस मोडून माझं कॉलेज बघितलं होतं.’’

सुनेने डोक्यावर पदर घेऊन मला सलाम केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला, चहा संपवला आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलो.

मी ते कॉलेज पाहिलं नव्हतं. हे शबानाला अजून माहीत नाही.