त्या गुलाबी जाळ्यामागे

बार्शीहून निरोप आला तेव्हा मी ऑपरेशनसाठी हात धूत होते. सिस्टर दारातूनच म्हणाली, "बाई, कुसुमबाई गेल्या." मी विचारलं, "कुठं?" ...असं वेड्यासारखं विचारलं, कारण आदल्याच आठवड्यात, पायाला प्लास्टर असलेल्या कुसुमला मीच माहेरच्या गाडीत बसवून दिलं होतं. पायात झालेली गुठळी सुटून फुफ्फुसात गेली. रक्त गोठताना जे बारीक तंतू तयार होतात, त्यांना फायब्रिन म्हणतात. गुठळी त्यांच्याच जाळ्यात बांधली जाते. ज्या तंतूंकडे कुसुम वर्षानुवर्षं मायक्रोस्कोपमधून पाहत बसली, त्यांनीच तिला... हे वाक्य मला अजून पुरं करता येत नाही.

सोलापूरच्या एकाच इस्पितळात आम्ही होतो. मी गाठी कापून काढायची आणि ती त्यांच्या काचपट्ट्या पाहून आजाराचं नाव सांगायची. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी भवानी पेठेतली पद्मा माझ्याकडे आली. विड्या वळणारी, नुकतं लग्न झालेली मुलगी. मानेला गाठी. आमच्याकडे मानेची गाठ म्हणजे टीबी, हे ठरलेलंच, आणि बहुतेकदा ते खरंही असे. तिला कित्येक महिने इंजेक्शनं चालली होती, गाठी मात्र वाढतच होत्या. मी एक गाठ काढून कुसुमकडे पाठवली. दुपारी तिनं मला बोलावलं.

"बघ." मला नुसता गुलाबी पसारा दिसला.

"सगळं फायब्रिन आहे," ती म्हणाली. "पेशी मेल्यात. पण हा टीबी वाटत नाही मला. याच्या मागं काहीतरी बसलंय. दुसरी गाठ दे, खोलातली."

पद्माची सासू नरसम्मा ऐकेना. तेव्हा कुसुम, जी प्रयोगशाळेतून वॉर्डातसुद्धा क्वचित यायची, ती माझ्याबरोबर थेट त्यांच्या घरी आली. शेजारच्या खोलीत माग चालू होते. ओरडूनच बोलावं लागत होतं.

"एकदा कापलंसा की! आता पुन्ना? लेकराच्या गळ्यावर किती डाग पाडनार?" नरसम्मा म्हणाली.

कुसुम विडीच्या पानांशेजारी खालीच बसली. "अम्मा, आजार नाही असं मी म्हणत नाही. मला तो दिसला नाही, म्हणून आले. खोटं नाव लिहून दिलं, तर नको ती इंजेक्शनं चालू राहतील."

"तुमी सोता बघनार?"

"मीच बघणार."

दुसऱ्या गाठीत तंतूंच्या जाड पट्ट्यांमधून लिम्फोमाच्या, म्हणजे गाठींच्या कॅन्सरच्या, पेशी दिसल्या. पद्मा मुंबईला गेली, किरणांचे उपचार घेऊन काही महिन्यांनी परत आली आणि पुन्हा विड्या वळायला बसली.

पण कुसुमला चैन पडेना. हे जाळं शरीर विणतं, आजाराला कोंडायला. की आजारच ते विणून घेतो, लपायला? हा प्रश्न ती मला जेवताना, चालताना, कधीही विचारायची. मग तिनं टीबी म्हणून रिपोर्ट गेलेल्या जुन्या काचपट्ट्या बाहेर काढल्या, एकेक पुन्हा पाहू लागली. अक्कलकोटकडच्या एका मेंढपाळाच्या गाठीत तिला त्याच पेशी सापडल्या, तंतूंच्या आड. गावी माणूस पाठवला. तो मेंढपाळ केव्हाच वारला होता. पुढं कितीतरी दिवस, मध्येच मायक्रोस्कोपवरून मान वर करून कुसुम विचारायची, "त्याचा चेहरा कसा असेल गं?" त्या माणसाला आम्ही दोघींनीही कधी पाहिलं नव्हतं. शेवटपर्यंत तो तिच्या खोलीतून गेला नाही, असं मला वाटतं.

कुसुम गेल्यावर काही आठवड्यांनी नरसम्मा पद्माला घेऊन आली. मानेला पुन्हा एक गाठ. काढली, नव्या डॉक्टरांचा रिपोर्ट आला: फक्त फायब्रिन. पुन्हा, जरा खोलातला तुकडा काढावा लागेल, असं मी नरसम्माला सांगितलं.

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "त्या बाई काय म्हनत्यात?"

कुसुम गेल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पद्मा शेजारी उभी होती, गळ्याशी पदर धरून. माझ्या तोंडून निघालं, "पुन्हा बघायला हवं, म्हणतात."

"मग कापा," नरसम्मा म्हणाली.

या वेळी तुकडा पार खोलातून काढला. मी स्वतः नव्या डॉक्टरांच्या शेजारी बसून काचपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. जुना व्रण, थोडे तंतू. त्यांच्या मागं कुणी नव्हतं. नरसम्माला सांगितलं तेव्हा तिनं पद्माच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "लई बरं झालं. त्या बाईस्नी सांगा हं, इसरू नका."

"सांगते," मी म्हटलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी प्रयोगशाळेत गेले. खिडकीजवळचं तिचं उंच स्टूल कुणी हलवलेलं नाही. नवे डॉक्टर दुसऱ्या टेबलावर बसतात. उभ्याउभ्याच मी म्हणाले, "कुसुम, पद्मा बरी आहे गं." खोलीत फॉर्मलिनचा वास होता. मी थोडा वेळ थांबले... ती आणखी काही विचारील, असं वाटत होतं.